हुर्रचा घोडा

शिक्षकी सोडून आतां कांहीं वर्षें झालीं. पण इतिहासाच्या तासाला एका मुलानें विचारलेला प्रश्न अजून मनांतून जात नाहीं. ‘गुरुजी, जिंकणारा पक्ष सोडून हुर्र मरणाऱ्यांकडे कां गेला?’

प्रसंग करबलाचा. इ. स. ६८० चा ऑक्टोबर. हिजरी ६१ च्या मोहरमची १० तारीख. यझीदशीं निष्ठेची शपथ घेण्यास पैगंबरांचे नातू हुसेन यांनीं नकार दिला होता. युफ्रेटिसचें पाणी तीन दिवस तोडलेलें. समोर उमर इब्न साद याचें, परंपरा सांगते त्याप्रमाणें, ४,००० सैन्य आणि इकडे अवघे ७२ वीर. आदल्या रात्रीं हुसेन यांनीं सोबत्यांस अंधारांत निघून जाण्याची मोकळीक दिली. शत्रूला ते एकटेच हवे होते. सोबती हलले नाहींत.

हुसेन यांची वाट प्रथम अडविणारा सरदार हुर्र हाच. लढाईच्या सकाळीं तो घोडा वळवून त्यांच्याकडे आला, क्षमा मागितली आणि त्यांच्या बाजूनें लढतां लढतां पडला.

मीं त्या मुलास पुस्तकी उत्तर देऊन बसविलें. त्याच वर्षीं एका सहकाऱ्यावर उघड अन्याय होत असतां मी सभेंत मान खालीं घालून बसलों होतों. पगाराची चिंता होती. निष्ठा धन्याशीं कीं न्यायाशीं, याचा निर्णय हुर्रनें त्या एका सकाळीं केला. मला तीस वर्षें लागलीं. वाचकहो, परवां मीं त्या सहकाऱ्यास क्षमेचें पत्र लिहिलें. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.