उलट वाचलेली पावले

स्नोशूला मराठीत काय म्हणावे, या चर्चेत आमचा पहिला अर्धा मैल खर्ची पडला. 'हिमपादुका' हा शब्द आम्हा दोघांनाही एकदमच सुचला आणि आमच्या वर्गमित्राने तो तत्काळ फेटाळला. "पादुकांची पूजा करतात. त्या घालून कोणी लोळण घेत नाही." लोळण घेतली होती हे खरेच. ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यावर ताणलेले जाड कापड, चवड्याखाली पोलादी दाते आणि मोकळी राहणारी टाच. ही पादत्राणे अंगाचा भार पसरवतात, म्हणून माणूस भुसभुशीत बर्फात रुतत नाही. मात्र पाय फाकवून चालावे लागते आणि मागे सरकायची सोय जवळजवळ नसते. परतायचे तर सबंध वळसा घ्यायचा. खडूच्या धुळीत चाळिशी ओलांडलेल्या आम्हा दोन अध्यापकांना हे उमगायला दोनदा पडावे लागले.

बॉस्टनच्या पश्चिमेला असाबेट रिव्हर नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्यूज आहे. एम.ए.ला आमच्याबरोबर असलेला आणि पुढे संगणकाच्या वाटेने गेलेला हा मित्र तिथून जवळच राहतो. जानेवारीत रजा काढून आम्ही त्याच्याकडे गेलो होतो.

वाटेत सशाच्या पावलांची एक ओळ आडवी आली. एका टोकाला दोन लहान ठसे, दुसऱ्या टोकाला दोन मोठे, लांबट, पुन्हा तसेच. मोठे पाय मागचे, तेव्हा ससा लहान ठशांच्या दिशेने गेला असणार, असे आम्ही अधिकारवाणीने सांगितले. वहिनी हसल्या. "उडी मारताना तो मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे टाकतो. तो तिकडं गेलाय." गेली वीस वर्षे वर्गात 'संहिता नीट वाचा' म्हणून बजावणाऱ्यांनी सबंध ओळ उलटी वाचली होती. पावले उलटी असतात ती भुतांची, एवढेच आमचे या विषयातले ज्ञान.

पुढे पाइनच्या झाडीत एक टेकाड दिसले. बर्फाने गोलावलेले, माथ्यावर झाडे उगवलेले. पलीकडे तसेच दुसरे. आम्ही हौसेने छायाचित्रे काढली. वळसा घेऊन समोर गेलो तर काँक्रीटची भिंत आणि पोलादी दार! हे दारूगोळ्याचे कोठार होते. १९४२ मध्ये लष्कराने ही जमीन इथल्या शेतकरी कुटुंबांकडून सक्तीने घेतली. रेल्वेने आलेला दारूगोळा बॉस्टन बंदराकडे रवाना होईपर्यंत साठवण्यासाठी ५० कोठारे बांधली आणि विमानातून दिसू नयेत म्हणून ती मातीने झाकली. त्यांना 'इग्लू' म्हणत. २००० मध्ये ही जमीन वन्यजीवांसाठी राखली गेली आणि २००५ मध्ये लोकांना खुली झाली. शेतकऱ्यांना ती परत मिळाली नाही.

मित्र हातमोजा काढून त्या भिंतीला हात लावून उभा होता. म्हणाला, "रेफ्यूज आणि रेफ्यूजी. एका वेलांटीचा फरक, बघा."

मग तो बोलत राहिला. कोयनेच्या खोऱ्यात त्याच्या आजोबांचे घर धरणाच्या पाण्याखाली गेले. वस्ती वर डोंगराला सरकली. १९८५ मध्ये तो डोंगर अभयारण्याच्या हद्दीत आला आणि काही वर्षांनी त्याच्या घरच्यांनी तीही जागा सोडली. वसतिगृहात कोणी गाव विचारले की हा नुसते 'सातारा' म्हणायचा. खेड्यातून आल्याची याला लाज वाटते, असा अर्थ आम्ही तेव्हा लावला होता. त्यावरून त्याला चिडवलेही होते. विस्थापितांच्या साहित्यावर चर्चासत्रांतून बोलताना हा मित्र आम्हाला एकदाही आठवला नाही, हेही इथे लिहून ठेवले पाहिजे.

साडेचारलाच उजेड उतरू लागला. चौघेही मोठा वळसा घेऊन माघारी फिरलो. आमचे आडवेतिडवे रुंद ठसे समोरून येत होते.

"गावाचं नाव काय रे?" बऱ्याच वेळाने आम्ही विचारले.

त्याने सांगितले. मग, आम्ही मराठीचे शिक्षक म्हणून असेल, मधला उकार ऱ्हस्व आहे हेही बजावून सांगितले.