निळा कोळी आणि चाळीस अक्षरांचा ठसा

आंध्र प्रदेशातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकूड-वखारीत सापडलेल्या एका नमुन्यावरून पोकॉक या शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये निळ्या टारंटुलाचे वर्णन केले. त्यानंतर शंभर वर्षे हा कोळी अभ्यासकांच्या दृष्टीस पडला नाही. २००१ मध्ये तो नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात पुन्हा आढळला. आज त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते. झाडे तुटत आहेत हे त्याचे एक कारण. दुसरे म्हणजे त्याचा विलक्षण निळा रंग, ज्यापायी जगभरातील हौशी लोक त्याला काचपेटीत ठेवू पाहतात.

अशा प्राण्याच्या बाबतीत अक्षांश-रेखांशाची एक ओळ हीच सर्वांत धोकादायक माहिती ठरते. शोधनिबंधात अभ्यासक ती मुद्दाम ढोबळ ठेवतात. सहकाऱ्याला मात्र तीच ओळ साध्या ईमेलने जाते. ईमेलच्या वाटेवर बहुधा संरक्षण असते. पण सर्व्हरवर मजकूर वाचता येण्याजोगाच राहतो आणि वर्षानुवर्षे तिथेच पडून असतो.

दुर्मीळ कोळ्यांवर काम करणाऱ्या एका तरुण संशोधिकेला ही विसंगती अस्वस्थ करीत होती. तिने थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम घेतला. पूर्वी त्याला ग्नूपीजी आणि एनिग्मेल अशी दोन निराळी सॉफ्टवेअर जोडावी लागत. २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ही सोय आतच आली आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तिने किल्ल्यांची जोडी तयार केली. सार्वजनिक किल्ली कोणालाही द्यावी. तिने मजकूर फक्त बंद करता येतो. तो उघडते ती खासगी किल्ली, आणि ती आपल्यापाशीच राहावी. हे सारे पाच मिनिटांत आटोपले.

खरे काम त्यानंतर सुरू झाले. दुसऱ्या शहरातील तिच्या मार्गदर्शकांची सार्वजनिक किल्ली ईमेलनेच आली. ती त्यांचीच कशावरून? मध्येच कोणी स्वतःची किल्ली घुसवली, तर सारा मजकूर त्याच्यासाठीच बंद होणार. म्हणून तिने फोन लावला. किल्लीचा ठसा चाळीस अक्षरांचा असतो. चार-चार अक्षरांचे दहा गट.

“अगं, माझा आवाज ओळखतेस ना? मग पुरे झाले की,” सर म्हणाले.

“आवाज ओळखते, सर, किल्ली नाही. पहिल्या गटापासून वाचा.”

त्यांनी वाचले, तिने पडद्यावर बोट ठेवून ताडून पाहिले आणि मगच ती किल्ली स्वीकारली.

आणखी दोन गोष्टी तिने त्याच दिवशी केल्या. थंडरबर्डला मुख्य पासवर्ड घातला. नाहीतर लॅपटॉप ज्याच्या हाती लागेल त्याच्या हाती खासगी किल्लीही पडते. आणि त्या किल्लीची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन तो कपाटात कुलूपबंद केला. किल्ली हरवली, तर जुनी पत्रे तिला स्वतःलाही कधी उघडता येणार नव्हती.

या व्यवस्थेच्या मर्यादाही तिने सरांना सांगितल्या. कोणी कोणाला आणि केव्हा लिहिले, हे झाकले जात नाही. पत्र उघडल्यावर वाचणाऱ्याने ते पुढे धाडले, तर गणित हतबल होते.

फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी लोकांसमोर ठेवले, तेव्हापासून या गणिताची ताकद बहुतांशी टिकून आहे. दुबळी राहिली ती माणसांची सवय. रानात पाऊल जपून टाकणारे अभ्यासक ईमेल पाठवताना तेवढे जपत नाहीत. नंद्यालच्या जंगलातील त्या झाडाच्या ढोलीला दार नाही; तिचा पत्ता ज्यांना ठाऊक आहे, त्यांची सावधगिरी हेच तिचे दार. फोनवर चाळीस अक्षरे वाचण्याचा कंटाळा त्यामानाने फारच थोडा आहे.