लोणारला आहे ते खडकपूर्णेला का नाही?

बुलढाणा, सोमवार, रात्र

गाडीभाडं १४०, रिक्षा ११०, जेवण १२०. गाडी सव्वा तास उशिरा. येळगाव धरणावर पोचेपर्यंत ऊन कललं. पैनगंगेवरचं हे धरण बुलढाणा शहराची तहान भागवतं. काठाला टिबुकल्या, वारकरी, शेकाटे. केंद्राच्या नियमांनुसार मात्र ही पाणथळ जागा नाही, कारण पाणी पिण्यासाठी अडवलेलं आहे. या मुद्द्यावर उद्या.

देऊळगाव मही, मंगळवार

गाडीभाडं ९०, चहा १०. गाडी पुन्हा उशिरा.

केंद्राच्या २०१०च्या पाणथळ नियमांत जलाशय आणि तलाव स्पष्ट शब्दांत होते. २०१७मध्ये नवे नियम आले आणि पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी माणसाने बांधलेले साठे व्याख्येतून वगळले गेले. बुलढाणा जिल्ह्याला याचा फटका जबर बसतो. नाव घेण्याजोगं नैसर्गिक सरोवर इथे लोणारचं. खडकपूर्णा, नळगंगा, पेनटाकळी ही सगळी धरणं. हिवाळी बदकांना भिंतीजवळचं खोल पाणी फार तर विसाव्याला उपयोगी पडतं. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक यांचं पोट भरतं ते उथळ काठावर. रब्बीसाठी कालवे सुटले की हा काठ हळूहळू खाली सरकतो, ओला गाळ उघडा पडतो आणि त्यातले किडे, बिया, कोवळं गवत चोचीच्या टप्प्यात येतं. पक्ष्यांचं ताट वाढलं जातं ते सिंचनाच्याच वेळापत्रकाने. मग सिंचनासाठी बांधलं म्हणून ते पाणथळ नाही, हे कोणत्या तर्काने?

इथे हिवाळ्याला येणाऱ्या चक्रवाक आणि पट्टकादंब या पक्ष्यांची वीण होते ती मंगोलियात, तिबेटच्या पठारावर, चीनच्या छिंगहाय सरोवराच्या परिसरात. चीनने डिसेंबर २०२१मध्ये पाणथळ संरक्षण कायदा केला. तो १ जून २०२२पासून लागू आहे. त्याच्या व्याख्येत नैसर्गिक आणि मानवनिर्मित दोन्ही जागा येतात. वगळली आहेत ती भातखाचरं आणि मत्स्यपालनाची कृत्रिम पाणथळं. चीनच्या ईशान्येला झालोंगची बोरूची विस्तीर्ण दलदल लाल टोपीच्या क्रौंचांसाठी प्रसिद्ध आहे. ती कोरडी पडू लागली तेव्हा नेन नदीचं पाणी वळवून आणावं लागलं. पाणी माणसाने आणलं म्हणून तिचं दलदलपण संपलं, असं तिथे कुणी म्हटलं नाही. कायदा कागदावर चांगला असणं आणि अमलात येणं यांत अंतर असतं, हे मान्य. पण कागदावरच जागा नसेल तर अंमलबजावणी मागायची कशाच्या आधारावर?

संरक्षणाला खरा आक्षेप शेतकऱ्याचा आहे, आणि तो वजनदार आहे. धरणात जमीन गेली. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन तरी कसू द्या, असं तो म्हणतो. त्याच्या हरभऱ्यावर पट्टकादंब उतरतात तेही खोटं नाही. म्हणून संरक्षण म्हणजे गाळपेर बंद, असं समीकरण मला मान्य नाही. पाण्यालगतची अरुंद पट्टी मोकळी ठेवणं, तिथे विषारी फवारणी टाळणं, हिवाळ्यात वाळूउपसा पूर्ण थांबवणं आणि पिकाच्या नुकसानीची भरपाई, एवढं पुरेसं आहे.

मेहकर, बुधवार

भाडं ८०, जेवण १३०, खोली ५००. गाडी उशिरा. धूळ. आज लिहवत नाही.

लोणार, गुरुवार

लोणारला नोव्हेंबर २०२०मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तो योग्यच. उल्कापाताने बेसाल्टमध्ये झालेलं असं विवर दुर्मीळ आहे. पण त्याचं वेगळेपणच माझ्या मुद्द्याला बळ देतं. पाणी इतकं खारट आणि अल्कधर्मी की त्यात मासा सहसा जगत नाही. जून २०२०मध्ये ते गुलाबी झालं तेही क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. माशांवर जगणाऱ्या पक्ष्यांना या सरोवराचा फारसा आधार नाही. लोणार जपलं म्हणून जिल्ह्यातले पाणपक्षी जपले गेले, असं समजणं चूक आहे.

‘धरणाला दर्जा दिला की शेतीचं पाणी अडकेल’ ही भीती नांदूरमध्यमेश्वरकडे पाहिल्यावर टिकत नाही. जानेवारी २०२०मध्ये महाराष्ट्राची पहिली रामसर जागा ठरलेलं ते ठिकाण गोदावरीवरचा ब्रिटिशकालीन बंधारा आहे, आणि त्याचे कालवे आजही शेतांना पाणी देतात. रामसर कराराची व्याख्याही नैसर्गिक-कृत्रिम असा भेद करत नाही. करार सुज्ञ वापराला मुभा देतो. म्हणजे नावाजलेल्या बंधाऱ्याला संरक्षण आहे, आणि दुर्लक्षित धरण व्याख्येबाहेर.

केंद्राने २०१७चा हा अपवाद काढावा. तोवर राज्याने खडकपूर्णेचा रामसरसाठी अभ्यास करावा. त्या करारात पक्ष्यांच्या संख्येचे निकष आहेत: नियमितपणे २०,००० पाणपक्षी, किंवा एखाद्या प्रजातीच्या विशिष्ट गटातले एक टक्का पक्षी. ही गणती वर्षानुवर्षांच्या नोंदींशिवाय होत नाही. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. जिल्ह्यातल्या वाचकांनी आपल्या गावाजवळच्या धरणावर जावं, मोजावं आणि आकडे त्या गणनेला कळवावेत.