खेळाचें पहिलें पान

कोणत्याही विद्येचा पहिला धडा कंटाळवाणा असला कीं विद्यार्थी दारांतूनच परततो. भूमिका-खेळांसही हाच न्याय लागू आहे.

या खेळांत चारपांच जण मेजाभोंवतीं बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णितो. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेऊन ‘मी आतां अमुक करतों’ असें सांगतात, आणि संशयाच्या जागीं फांसा निर्णय देतो. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला, तेव्हांपासून ही परंपरा चालू आहे. पूर्ण नियमग्रंथ जाड व महाग असतात. म्हणून नवख्यांसाठीं कांहीं पुस्तिका विनामूल्य मिळतात. त्यांतली चांगली कशी ओळखावी?

जी लवकर खेळावयास बसविते, ती चांगली. जॉन हार्पर यांच्या ‘लेडी ब्लॅकबर्ड’मध्यें (२००९) पांच पात्रें तयारच असतात, आणि कथेचा आरंभ शत्रूच्या नौकेवरील कैदेंत होतो. आतां काय करावें, हें कोणासही सांगावें लागत नाहीं. त्यांचाच ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ (२०१३) तर एकाच पानाचा आहे. खेळाडूनें दोन ते पांचपैकीं एक आंकडा निवडावयाचा. बुद्धीचें काम असतां फांसा त्याखालीं पडावा, भावनेचें असतां त्यावर. नेमका तोच आंकडा पडला, तर सूत्रधारास एक प्रश्न विचारावा, व त्यानें खरें उत्तर द्यावें. हा नियम शिक्षकासही बोधप्रद नव्हे काय?

दुसरें असें, कीं विनामूल्य वस्तु अपुरी नसावी. ‘कॉल ऑफ क्थुलू’च्या प्रारंभिक पुस्तिकेंत ‘द हॉन्टिंग’ ही संपूर्ण कथा आहे. अर्ध्यावर थांबवून ‘पुढील भाग विकत घ्या’ म्हणणें, म्हणजे भुकेल्यास ताटाचा केवळ वास देणें होय. ज्याच्या घरीं पुस्तकास पैसे नाहींत, त्याचा खेळ तेथेंच संपतो.

वर्गांत वाचतांना ज्याचा आवाज फुटत नाहीं, असा मुलगा पात्राच्या तोंडून निर्भयपणें बोलतांना मीं पाहिला आहे. अशा मुलापुढें तीनशें पानें ठेवलीं, तर तो तोंडच उघडणार नाहीं. पालकहो, या पुस्तिका इंग्रजींत असल्या तरी एक पान मराठींत समजावून देणें अवघड नाहीं. एका सायंकाळीं मुलांसमवेत बसा, आणि त्यांस पहिल्या पाव तासांतच बोलूं द्या.