बाबांच्या पाठीवर

मुलांनो, ब्राझीलमध्ये रिओ द जानेरो राज्यात, पोसो दास अंतासच्या जंगलाकडे गेलात, तर मान वर करूनच चाला. खारीएवढं, सोनेरी आयाळीचं माकड दिसेल. हेच टॅमरिन! १९७०च्या सुमारास रानात ही जेमतेम दोनशे उरली होती. प्राणिसंग्रहालयांत पाळावीत, तर पिल्लं जगेनात. वॉशिंग्टनच्या डेव्हरा क्लायमन बाईंनी बारकाईनं पाहिलं, तर एका पिंजऱ्यात दोन मोठ्या माद्या नांदतच नाहीत! मग एकेक जोडपं वेगळं ठेवलं. जुळी होऊ लागली. त्यांना पाठीवर घेऊन हिंडतात कोण? बहुतेक वेळा बाबा! (आईकडे जायचं ते दूध प्यायला.) १९८४पासून ही पिंजऱ्यातली पोरं इथं सोडली, पण बिचाऱ्यांना हलत्या फांदीवर धड चालता येईना. बरीच दगावली. रानात जन्मलेली त्यांची पिल्लं मात्र सराईत निघाली.