भिंतीला कान असतात, रेंज नसते

आमचे अण्णा सरकारी खात्यात ओव्हरसियर होते. सरकारचे पूल त्यांनी सरकारी अंदाजपत्रकात बसवून बांधले. पण १९८६ साली साताऱ्यातलं आमचं घर बांधलं ते मात्र स्वतःच्या समाधानासाठी. खालचा मजला अख्खा काळ्या दगडाचा. भिंत अठरा इंच. गृहप्रवेशाला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला म्हणे त्यांनी भिंतीवर एक बुक्की मारायला लावली होती. पाहुणा हात चोळत बसला, की अण्णा म्हणायचे, "शंभर वर्षं हलायची नाही."

हलली नाहीच. माझी तक्रार एवढीच, की त्या भिंतीतून दुसरंही काही हलत नाही. उन्हाळ्यात उकाडा आत येत नाही, ही तिची एक बाजू. मोबाइलची रेंज आत येत नाही, ही दुसरी. त्यातून खालची मागची खोली अण्णांची. तिथे बसून फोन करायचा म्हणजे विहिरीच्या तळाशी उभं राहून गावाला हाका मारण्यासारखं.

२०२२ साली आमच्याकडे फायबर आलं. तोपर्यंत हा शब्द मला फक्त डॉक्टरांमुळे माहीत होता. ते पालेभाजीत असतं आणि चाळिशीनंतर भरपूर खावं, अशी माझी समजूत. मी कॉमर्सचा पदवीधर, बँकेतला कारकून. माझ्याकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. आमच्या अकरावीतल्या चिरंजीवांनी मला समजावलं, की हा काचेचा धागा असतो, साधारण केसाएवढा, आणि त्यातून प्रकाश धावतो. काचेतून त्याचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. खांबावरून तो धागा आमच्या वरच्या गॅलरीत आला आणि कंपनीच्या माणसाने वरच्या पुढच्या खोलीत एक पांढरा डबा भिंतीला ठोकला. प्रकाशाची वीज करून ती घरभर वाटणं हे त्या डब्याचं काम. तर, सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावत आलेलं ते जगाचं ज्ञान आमच्या जिन्यापर्यंत यायचं आणि अण्णांच्या खोलीच्या अलीकडे तीस फुटांवर दम टाकायचं.

दोन वर्षं याचं कुणाला काही वाटलं नाही. २०२४ च्या पावसाळ्यात वाटलं.

अण्णांच्या फोनचं रिचार्ज करायला म्हणून मी तो हातात घेतला होता. बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड असते. नोंदींचं पान दिसलं, की बोट आपोआप खाली सरकत जातं. रात्री दोन वाजून दहा मिनिटं, माझं नाव. दोन बारा, माझं नाव. दोन वीस, पुन्हा माझं नाव. तिन्ही फोन न लागलेले.

"अण्णा, हे काय?"

"काही नाही रे. जरा गरगरल्यासारखं झालं. मग पाणी प्यायलो, झोप लागली."

"अहो, मग हाक मारायचीत!"

"मारली की. भिंत पक्की आहे," अण्णा म्हणाले. आणि हे सांगताना, खोटं कशाला बोलू, त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता.

हिने सुचवलं, की अण्णांनी वर झोपायला यावं. अण्णांनी गुडघ्यांचं कारण सांगितलं. मी सुचवलं, की मी खाली झोपतो. अण्णांनी माझ्या घोरण्याचं कारण सांगितलं. शेवटी चिरंजीव म्हणाले, "बाबा, मेश लावू." मेश म्हणजे जाळं. एका डब्याऐवजी तीन डब्या घरात जागोजागी मांडायच्या आणि त्यांनी रेंज हातोहात पुढे द्यायची; लग्नाच्या पंगतीत बुंदी देतात तशी. लोणच्याच्या बरणीएवढ्या तीन पांढऱ्या डब्या घरी आल्या. त्यांची किंमत मी हिला सांगितली त्यापेक्षा जास्त होती, एवढंच तुम्हाला म्हणून सांगतो.

रविवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. पहिली डबी वायरने कंपनीच्या डब्याला जोडायची होती. जोडली, आणि होतं ते इंटरनेटही गेलं. चौकशीअंती असं निघालं, की दोघांचा पत्ता एकच आहे: १९२.१६८.१.१. घराच्या आत वापरायला १९२.१६८ ने सुरू होणारे पासष्ट हजारांहून जास्त पत्ते राखून ठेवलेले आहेत म्हणे. पण आमच्या दोघांनाही तोच हवा होता. सोसायटीत दोन बिऱ्हाडांनी 'ए-१' अशीच पाटी लावली, तर पोस्टमन करील तरी काय? एकाची पाटी बदलली, तेव्हा इंटरनेट परत आलं.

पण आता चिरंजीवांचा खेळ चालेना आणि घरातला प्रिंटर कुणाला दिसेना. "डबल नॅट झालंय," चिरंजीव म्हणाले. मी मान डोलावली. बँकेत साहेब इंग्रजीत काही बोलले, की मी हेच करतो. मात्र त्याने पुढे समजावलं, तेव्हा मला आयुष्यात प्रथमच विज्ञान कळलं, कारण ते विज्ञान नव्हतंच. ते आवक-जावक होतं!

आमच्या शाखेतून पत्र कुठल्याही टेबलावरून निघो, बाहेर जाताना त्यावर पत्ता शाखेचाच असतो. कुणाचं पत्र गेलं हे जावक कारकून वहीत टिपून ठेवतो आणि उत्तर आलं, की वही बघून त्या टेबलावर पोचवतो. कंपनीचा डबा नेमकं हेच करतो. मोबाइल असोत, टीव्ही असो, बाहेर पत्ता एकच, आत वही. आता आमच्या नव्या डबीनेही आपला स्वतंत्र कारकून आणला होता. त्यामुळे एकाच पत्राची दोन वह्यांत नोंद! आपण पाठवलेल्या पत्राचं उत्तर उशिरा का होईना, येतं. पण बाहेरून आपणहून कुणी पत्र पाठवलं, की पहिला कारकून म्हणतो, "असं टेबल आमच्याकडे नाही." खेळ तिथे अडला होता. आणि प्रिंटर राहिला होता जुन्या कारकुनाच्या खात्यात, त्यामुळे नव्या खात्यातल्यांना तो ओळख देत नव्हता. सरकारी कचेरीत गेलेल्याला हे निराळं सांगायला नको.

यावर उपाय दोन. कंपनीच्या डब्यातल्या कारकुनाला सेवानिवृत्त करायचं, म्हणजे त्याने नोंद न करता सगळं तसंच आत सोडायचं. याला ब्रिज मोड म्हणतात. नाहीतर नव्या डबीतल्या कारकुनाची वही काढून घ्यायची आणि त्याला नुसतं टपाल वाटायला ठेवायचं. याला अॅक्सेस पॉइंट मोड म्हणतात. पहिल्यासाठी कंपनीला फोन केला. पलीकडची बाई अतिशय गोड आवाजात डबा बंद करून चालू करायला सांगत होती. तो चार वेळा बंद करून चालू केल्यावर आम्ही दुसरा उपाय धरला. बँकेत कारकुनाचा शिपाई करायचा म्हटलं, तर दुपारी युनियन फाटकावर उभी राहील. इथे चिरंजीवांनी एका बोटाने केला आणि डबीने हूं की चूं केलं नाही. या पदावनतीत आमच्या डबीचा 'रात्री दहानंतर मुलाचं इंटरनेट बंद' हा अधिकारही गेला, हे हिला पुढच्या आठवड्यात कळलं. चिरंजीवांना ते आधीपासून ठाऊक असावं.

मग कंपनीच्या डब्याचं वाय-फाय बंद केलं. नाहीतर फोन जुन्या ओळखीला चिकटून बसतात, शेजारची नवी डबी बघतच नाहीत. नव्या जाळ्याला मात्र जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला. त्यामुळे टीव्हीपासून हिच्या फोनपर्यंत कुणाला बदली झाल्याचं कळलंसुद्धा नाही.

दुसरी डबी जिन्यात बसवली. तिसरी मी मोठ्या थाटात अण्णांच्या खोलीत नेऊन ठेवली. तिने लाल दिवा लावला आणि मिटून बसली.

"खराब निघाली," मी म्हणालो.

"बाबा, ती रेंज तयार नाही करत. आलेली पुढे देते. इथे येतच नाही तर देणार काय?"

खात्यात शिल्लक नसताना चेक वटत नाही, हे मी रोज दहा जणांना समजावतो. ते मला घरी समजावून घ्यावं लागलं. डबी अंधारात ठेवायची नसते. उजेड जिथवर पोचतो तिथे ठेवायची असते. म्हणजे आमच्याकडे स्वयंपाकघर. फ्रिजवर ठेवली, तर पत्रा आडवा येतो. मायक्रोवेव्हपाशी ठेवली, तर तो आणि वाय-फाय एकाच पट्टीत गातात. भाजी गरम होईपर्यंत जग थांबतं. राहिला देवघराचा कोनाडा. ही म्हणाली, "देवापुढे दिवा असतो, तो निळा नसतो." शेवटी फडताळावर ठेवली, तरी अण्णांच्या भिंतीने दाद दिली नाही. वाय-फायच्या लहरी दोन जातींच्या. पाच गिगाहर्ट्झची चपळ, पण भिंत दिसली, की कोसळणारी, २.४ ची सावकाश, पण चिवट. ती लंगडत अण्णांच्या दारापर्यंत गेली. खाटेवर मात्र आवाज तुटतच राहिला.

आता वायरच न्यायला हवी होती. म्हणजे भोक! पुढच्या रविवारी मी ड्रिलवाल्याला बोलावलं. तो आला, तर अण्णा भिंतीला पाठ लावून उभे.

"या भिंतीला भोक?"

"अण्णा, बोटाएवढं."

"आज बोटाएवढं."

ड्रिलवाला चहा घेत बसला. मी वडिलांशी आवाज चढवून बोलणारा माणूस नाही. पण त्या दिवशी बोललो. "अण्णा, भिंत शंभर वर्षं टिकेल. रात्री दोन वाजता तुम्हाला काही झालं तर?"

अण्णा काही बोलले नाहीत. ड्रिलवाल्याने दुसरा कप नको म्हणून सांगितलं. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "खाट सरकवा."

खाटेमागे कोपऱ्यात चुन्याने रंगवलेली एक लाकडी टिकली होती. माझ्या जन्मात मी ती पाहिली नव्हती. अण्णांनी ती स्क्रूड्रायव्हरने उचकली. आत पाइपचं तोंड आणि त्यातून डोकावणारी पिवळी पडलेली वायर. ही खोली पूर्वी आजीची. तिला रात्री दम लागायचा, म्हणून अण्णांनी घर बांधतानाच भिंतीतून वरच्या झोपायच्या खोलीपर्यंत पाइप घातला होता आणि तिच्या उशाशी घंटेचं बटण बसवलं होतं. घंटा मला आठवत होती. अपरात्री ती वाजायची, अण्णा बंडीवर धावत खाली जायचे आणि आजी म्हणायची, "काही नाही रे, वाजते का बघत होते." १९९७ साली आजी गेली, तेव्हा बटण काढलं. वायर राहिली.

नवी केबल त्या जुन्या वायरीच्या टोकाला बांधून वरून ओढली. "हळू! हिसका नको!" अण्णा खालून ओरडत होते, आणि त्या पाइपातून त्यांचा आवाज वर स्वच्छ येत होता. अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते. आम्हाला चौदा लागली. टोकांना खुंट्या बसवल्या, खालच्या डबीला जोडली. लाल दिवा गेला, निळा आला. अण्णांच्या फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू केलं, म्हणजे टॉवर दिसला नाही, तरी फोन घरच्या इंटरनेटवरून लागतो. पावसात साताऱ्याची वीज जाते, म्हणून कंपनीचा डबा आणि डब्या इन्व्हर्टरवर घेतल्या. ड्रिलवाल्याला न पाडलेल्या भोकाचे दोनशे रुपये दिले.

त्याच रात्री माझा फोन वाजला. अण्णा! घड्याळात दोन दहा. मी जिना कसा उतरलो, मला आठवत नाही. अण्णा चष्मा लावून खाटेवर बसले होते.

"काय झालं अण्णा?"

"काही नाही रे. लागतो का बघत होतो."

मी खाटेच्या पायथ्याशी बसलो. छातीतली धडधड थांबेपर्यंत बसलो. त्यांनी पाणी मागितलं, मी दिलं. मग वर जायला उठलो, तेव्हा त्यांनी भिंतीवर एक बुक्की मारली.

"आणि तू भोक पाडायला निघाला होतास," असं म्हणून अण्णा हात चोळत बसले.