सातशे चाळीस रुपयांचं नाक

मंडळी, आज जरा वेगळा विषय. आजवर इथे शाळेच्या, लालबागच्या चाळीच्या, नाहीतर वाचलेल्या पुस्तकांच्या गोष्टी लिहिल्या. आज मोटारीच्या नाकाबद्दल लिहिणार आहे. त्यात एक कबुलीही आहे. नातेवाईक मंडळींनी ती जरूर वाचावी, कारण तुमच्यापैकी निम्म्यांना मी ती हकीकत वेगळीच सांगितलेली आहे.

आमची मारुती ८०० तुम्हाला ठाऊक आहेच. १९९७ सालची, पांढरी, पतपेढीचं कर्ज काढून घेतलेली, कार्बोरेटरवाली. पंधरा वर्षं झाली तेव्हा २०१२ साली तिची नोंदणी नव्याने करून घेतली, पुढे दर पाच वर्षांनी करत आलो. मुलगा म्हणतो, "बाबा, आता भंगारात काढा." मी म्हणतो, बघू. आमच्या या 'बघू'ला दहा वर्षं झाली.

नातू मात्र तिच्या प्रेमात आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये परीक्षेचा अभ्यास सोडून एक दिवस म्हणाला, "आजोबा, हिला कोल्ड एअर इन्टेक बसवू या."

मी मराठीचा मास्तर. म्हटलं, हे काय असतं ते आधी सरळ मराठीत सांग.

त्याने सांगितलं ते असं. इंजिन हवा ओढतं, तिच्यात पेट्रोल मिसळतं आणि ते मिश्रण जाळतं. बॉनेटखालची हवा तापलेली असते आणि तापलेली हवा विरळ असते. तीस अंशांच्या हवेऐवजी साठ अंशांची हवा आत गेली, तर तेवढ्याच जागेत सुमारे नऊ टक्के हवा कमी मावते. हवा कमी म्हणजे जळण कमी, म्हणजे जोर कमी. तेव्हा पाइप टाकून बाहेरची थंड हवा थेट फिल्टरपर्यंत आणायची. एवढंच. बाजारात तयार मिळतं त्याला काही हजार लागतात, आपण घरी करू.

मला एकदम चाळीतली शेगडी आठवली. आई सकाळी शेगडी पेटवायची ती गॅलरीत, वाऱ्याच्या तोंडाला, खालचं दार उघडं ठेवून. खोलीत ती कितीही फुंकली तरी धुमसत राहायची. (गॅलरीत सगळ्यांच्याच शेगड्या असायच्या. त्या धुरात पाठांतर केलेला मी मनुष्य आहे.) हवा मिळाली की जाळ उठतो हे मला पदवी न घेता कळलेलं होतं.

तरी मास्तरकी जात नाही. मी त्याला गणित घालायला लावलं. इंजिन ७९६ सीसीचं. चार स्ट्रोकचं, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा पोट भरणार. मिनिटाला तीन हजार फेऱ्या धरल्या आणि पॅडल पूर्ण दाबलेलं धरलं, तर कागदावर मिनिटाला जवळजवळ बाराशे लिटर हवा. आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी हजार लिटरची आहे. एवढीशी गाडी, आणि मिनिटाला टाकीहून जास्त हवा पिते! त्या दिवशी मला ८०० बद्दल नव्याने आदर वाटला.

बॉनेट उघडलं आणि पहिलीच गंमत झाली. एअर फिल्टरच्या काळ्या डब्यावर एक छोटी कळ आहे. एका बाजूला उन्हाळा, दुसऱ्या बाजूला हिवाळा, अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं. कळ हिवाळ्यावर केली की डबा सायलेन्सरकडे जाणाऱ्या तापलेल्या लोखंडाजवळची गरम हवा ओढतो. थंड, दमट प्रदेशात पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटरच्या गळ्यात बर्फ धरू शकतो, त्यासाठी ही सोय. शिमल्याला ठीक आहे. आमची कळ परळमध्ये हिवाळ्यावर होती! किती वर्षं, देव जाणे. मी ती कधी पाहिलीच नव्हती. पुढून हवा आणणारी नळीही कधीच गळून पडलेली. म्हणजे एवढी वर्षं भर मे महिन्यात आमची गाडी गरम वाफारा घेत चालली होती.

नातवाने बोटाने कळ सरकवली. म्हणाला, "आजोबा, अर्धा इन्टेक फुकटात झाला."

उरलेल्या अर्ध्यासाठी आम्ही नागदेवी स्ट्रीटला गेलो. मला तो भाग आवडतो. एका दुकानात फक्त नटबोल्ट, दुसऱ्यात फक्त रबरी नळ्या, आणि दुकानदाराला "मोटारीच्या नाकाला लावायचंय" असं सांगितलं तरी तो हसत नाही, शांतपणे माप विचारतो. रबरी नळीचा तुकडा, चार क्लिपा, चकाकता अॅल्युमिनियमचा टेप. अडीच इंची पीव्हीसी पाइप आणि दोन एल्बो घराजवळच्या प्लंबरकडून, उरलेल्या मालातले. तोंडाला लावायला बारीक जाळी, म्हणजे पालापाचोळा आणि झुरळं आत जायला नकोत. एकूण खर्च ७४० रुपये, शिवाय येता-जाता दोन कटिंग चहा आणि वडापाव.

पीव्हीसीची एक अडचण आहे. साठ अंशांच्या वर त्याचा भरवसा नाही, मऊ पडतं. म्हणून पाइप तापणाऱ्या लोखंडापासून लांबून न्यायचा, वरून चकाकता टेप गुंडाळायचा आणि मध्ये पत्र्याचा आडोसा उभा करायचा. तो पत्रा गोडेतेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा. डबा हिने गहू ठेवायला राखून ठेवला होता, त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही. मूळचा एकही भाग कापायचा नाही, सगळं दहा मिनिटांत काढून पूर्ववत करता आलं पाहिजे, ही अट मुलाने घातली. गाडीच्या रचनेत फेरफार करण्यावर कायद्याने बंधनं आहेत आणि उद्या तपासणीच्या वेळी कोण वाद घालत बसणार? बरोबरच आहे त्याचं. फिल्टर मूळचाच राहिला. तो काढून नुसतं तोंड उघडं ठेवणारे वीर असतात म्हणे. आपल्या रस्त्यांवरची धूळ आणि ठिकठिकाणची बांधकामं पाहता ते इंजिनाला पॉलिश पेपर लावण्यासारखं आहे.

वाद झाला तो पाइपच्या तोंडावरून.

नातवाचं म्हणणं, तोंड खाली बंपरच्या मागे न्यायचं. तिथे हवा सगळ्यात थंड आणि गाडी चालली की वाराही समोरून मिळतो. त्याने पाहिलेल्या सगळ्या व्हिडिओंत तसंच होतं. मी म्हटलं, नाही. तोंड वर, हेडलाइटच्या मागे, जाळीच्या वरच्या कडेला. तो म्हणाला, "का पण?" मी म्हटलं, पाणी. तो म्हणाला, "आजोबा, पाणी भरलं तर गाडी काढायचीच नाही ना!"

आता हे हिंदमाताजवळ राहणाऱ्या माणसाला सांगायचं. तिथे पाणी साचू नये म्हणून महापालिकेने जमिनीखाली टाक्या बांधल्यात, पण आमच्या पिढीचे डोळे अजून गटाराच्या झाकणाकडेच असतात. मी चिडून म्हणालो, "एकदा इंजिन घालवलंय मी, माहितीये मला." त्याने लगेच पकडलं. "तुम्ही? ते तर गॅरेजवाल्या काकांनी घालवलं ना?"

मी काही बोललो नाही. पाना हातात धरून पायरीवर बसलो.

तर ती हकीकत. २६ जुलै २००५. त्या दिवशी मुंबईत दोन पाऊस होते. कुलाब्याला चोवीस तासांत ७३ मिलिमीटर, सांताक्रूझला ९४४. मी दुपारी परळहून कुर्ल्याला बहिणीकडे निघालो तेव्हा आमच्याकडे साधा पाऊस होता. परत येताना सायनच्या अलीकडे पाणी बॉनेटला लागलं, गाडी बंद पडली. ती तिथेच सोडून मी कमरेइतक्या पाण्यातून चालत घरी आलो. दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर आमच्या गॅरेजवाल्याला फोन केला. तो मूळ कोकणातला, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला मास्तर म्हणायचा. तो म्हणाला, "मास्तर, चावीला हात लावू नका. मी येतो, प्लग काढून पाणी बाहेर काढू, मग बघू." चावीला हात लावू नका, हे त्याने दोनदा सांगितलं.

मी गाडीजवळ जाऊन उभा राहिलो. त्याला यायला उशीर झाला, त्या दिवशी सगळ्यांच्याच गाड्या बंद होत्या. समोर एकाची गाडी चालू झाली. मला वाटलं, आपलीही होईल. चावी फिरवली. नुसतं घुर्र झालं. पुन्हा फिरवली. इंजिनाने क्षणभर उचल खाल्ली आणि आतून ठण्ण असा आवाज आला. शाळेची घंटा आयुष्यभर ऐकली, पण तसा आवाज नाही ऐकला.

हवा दाबली जाते. इंजिनात ती आठ-नऊ पट दाबली जाते, त्यावरच सगळं चालतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो, आणि मग दुसरं काहीतरी वाकतं. आमच्या गाडीत कनेक्टिंग रॉड वाकला.

तो आला तेव्हा मी चावी खिशात ठेवून उभा होतो. त्याने प्लग काढले, पाणी काढलं, ऑइल बदललं, गाडी चालू केली आणि ती खडखडायला लागली. मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता गाडी त्याच्या गॅरेजात गेली. मुलगा तेव्हा तरुण, तापट. तो म्हणाला, बंद पडलेली गाडी याने नीट न बघता चालू केली आणि इंजिन घालवलं. मी गप्प. मुलाने ते बिल्डिंगमध्ये सांगितलं. आमच्या बिल्डिंगच्या चार-पाच गाड्या त्याच्याकडे जायच्या, त्या हळूहळू बंद झाल्या. तुम्ही नातेवाइकांनी विचारलंत तेव्हा मीही तेच सांगितलं, आणि चांगलं रंगवून सांगितलं. गोष्टी रंगवून सांगणं हा तर माझा धंदाच.

एक मात्र आहे. इंजिन उघडल्यावर वाकलेला रॉड त्याने मला दाखवला होता. कसा वाकतो हे त्याला कळत नव्हतं थोडंच! त्याने माझ्याकडे बघितलं, रॉड फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "मजुरी राहू द्या, मास्तर, पार्टचे तेवढे द्या." मी पार्टचे तेवढे दिले.

हे सगळं नातवाला पायरीवर सांगितलं. तो बराच वेळ क्लिपेचा स्क्रू उगाच घट्ट-सैल करत बसला. मग विचारलं, "बाबांना माहितीये?" रात्री जेवताना मुलाला सांगितलं. तो वीस वर्षांनी चिडेल असं वाटलं होतं, पण तो फक्त म्हणाला, "मी त्यांच्याशी भांडायला गेलो होतो, बाबा. दुकानात, चार माणसांसमोर." आणि ताटावरून उठला.

असो. पाइपचं तोंड वर बसलं.

आता गाडीचं काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर नातू रागावेल. हिचा दुधासाठी आणलेला काट्याचा थर्मामीटर आम्ही फिल्टरच्या तोंडाशी अडकवला. आधी नुसत्या बॉनेटखालच्या हवेत सिग्नलला उभं असताना ६१ अंश दाखवत होता. पाइप लावल्यावर चालत्या गाडीत ३७. पण लालबागला दहा मिनिटं गर्दीत अडकलो तर पाइपही तापतो आणि काटा पन्नाशीकडे जातो. मुंबईत गाडी चालते किती आणि उभी किती, याचा हिशेब तुम्हीच करा. लालबागच्या उड्डाणपुलावर चौघांना घेऊन तिसऱ्या गिअरमध्ये चढ घेतला. नातवाच्या मते फरक जबरदस्त. माझ्या घड्याळात दीड-दोन सेकंदांचा फरक पडला, तो पाइपचा की सरकवलेल्या कळीचा हे सांगता येत नाही. पेट्रोल वाचलेलं नाही. अर्ध्या पॅडलवर चालवताना थंड हवेचा उपयोग नसतोच, जोर पूर्ण हवा असेल तेव्हाच काय तो फायदा. आवाज मात्र बदलला. गाडी आता चढावर घोगरं गुणगुणते, आणि त्यामुळेच ती जोरात पळते असं वाटतं.

गॅरेज कधीच गेलं, तिथे आता टॉवर आहे. नंबर मुलाने शोधून काढला. कुठून, ते त्याने सांगितलं नाही. २४ मेला, शनिवारी, मी फोन लावला. ते गावी असतात आता. आवाज ओळखला त्यांनी. "मास्तर, गाडी आहे अजून?" मी आधी पाइपबद्दलच बोलत बसलो, दहा मिनिटं. मग चावीबद्दल सांगितलं. एकदा नाही, दोनदा फिरवली, हेही सांगितलं.

पलीकडे कोंबडा आरवत होता, तेवढं ऐकू आलं. मग ते म्हणाले, "पाइपच्या खालच्या वळणाला भोक ठेवलंय का? पाणी गेलंच आत तर निथळायला?"

मी म्हटलं, नाही.

"मग पाडा. सहा एमएमचं. मुलगा आहे का जवळ? द्या त्याला."

मुलगा फोन घेऊन गॅलरीत गेला आणि दार लोटून घेतलं. रविवारी नातवाने भोक पाडलं. सोमवारी, २६ मे रोजी, मॉन्सून मुंबईत दाखल झाला आणि हिने गाडीची चावी काढून देव्हाऱ्याच्या खणात ठेवली.